दाखल्यावरचं प्लास्टिक

माझा स्वभाव खुसपटी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. लहानपणी मी वाण्याकडून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचे आणि कमी भरली तर पुडी घेऊन भांडायला परत जायचे. आई कपाळाला हात लावायची. "हिला बायको कोन करनार?" म्हणायची. पुढे याच स्वभावावर मला पगार मिळेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मोठेपणी काय व्हायचंय, हे आमच्या घरात मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. आमच्याकडे प्रश्न वेगळा होता: दाखला कुणाच्या नावावर करायचा?

हे नवं शहर वसवताना घणसोली गावातल्या कितीतरी घरांची शेती गेली, तशी माझ्या आजोबांचीही गेली. बदल्यात जे काही मिळालं त्यात एक कागद होता, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. तो दाखवला की सरकारी भरतीत राखीव जागेवर हक्क सांगता येतो. पण एका दाखल्यावर एकच नोकरी, तीही घरातल्या एकाच माणसाला. आजोबांना मुलगे दोन, माझे बाबा आणि काका. दाखला कोणाच्या नावाने काढायचा यावरून ते दोघे इतकी वर्षं भांडले, की भांडता भांडता दोघांचंही नोकरीचं वय उलटून गेलं. जमीन गेली ती गेलीच, नोकरीही कुणाला लागली नाही. आमच्या गावठाणात ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरातली नाही, त्यामुळे त्यात कुणाला हसूही येत नाही.

मग आमची पिढी आली. काकांचा मुलगा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. तो बारावीला आपटला आणि गाडी चालवायला लागला. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला. मार्क माझे, म्हणून दाखला माझ्या नावाने निघाला. काकांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि त्यानंतर चार वर्षं वरच्या मजल्यावरून आमच्याकडे खाली उतरले नाहीत.

डिप्लोमानंतर मी महापेच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये लागले. कंपन्यांची मापायची यंत्रं आमच्याकडे तपासायला येतात. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे. आमच्याकडच्या खात्रीच्या यंत्राशेजारी ती ठेवायची, किती चुकतात ते लिहायचं, आणि फारच चुकत असली तर नापास करायची. घरी माझ्या कामाचं वर्णन 'काटे तपासते' एवढ्यातच संपायचं. नोकरी कंत्राटावर होती, अजूनही आहे. दर अकरा महिन्यांनी नवा कागद येतो, आणि तो येईपर्यंत कशाचीच खात्री नसते.

तिथल्या माझ्या चौथ्या वर्षी एका औषधांच्या गोदामातला थर्मामीटर माझ्या टेबलावर आला. आमचं शीतकपाट आतून नऊ अंशांवर असताना तो पठ्ठ्या पाच दाखवत होता, आणि अशी औषधं आठच्या वर गेली की खराब व्हायला लागतात. मी नापासचा शेरा लिहिला, तर गोदामाचा माणूस स्वतः येऊन समोर बसला. "मॅडम, थोडं ॲडजस्ट करा ना. उद्या ऑडिट आहे." मी त्याच्यासमोर यंत्र पुन्हा तीनदा लावलं. तिन्ही वेळा तेच आलं. तो आवाज चढवून बोलला, वर बोलतो म्हणाला, माझं नाव लिहून घेतलं. मला भीती वाटली, पण शेरा मी बदलला नाही. तो गेल्यावर आमचे सर, म्हणजे लॅबचे मुख्य, केबिनमधून बाहेर आले. ते साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. "चहा घे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मी इतकी खूश होते की माझी मलाच लाज वाटत होती. एका थर्मामीटरपायी एवढं हरखून जायचं काय कारण?

त्याच आठवड्यात नेमणुकीची ऑर्डर आली. दाखल्याच्या राखीव जागेतून मी मागे एक परीक्षा दिली होती. ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून तीस दिवसांत हजर व्हायचं होतं. आईने गल्लीत पेढे वाटले. बाबांनी ऑर्डर दोनदा वाचली, मग आजोबांच्या फोटोखाली ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. आनंद व्हायला हवा होता तिथे मला फक्त भीती वाटत होती.

पुढचे आठ दिवस मी स्वतःला तोच प्रश्न विचारत राहिले. आपल्याला नक्की काय करायचंय? फोनवर 'तुमचा ड्रीम जॉब ओळखा' अशा चाचण्या असतात, त्या मी चोरून दिल्या. एकीने मला वेडिंग प्लॅनर ठरवलं, दुसरीने समुद्री जीवांची अभ्यासक. मग मी त्यांतही खुसपट काढलं. त्याच चाचणीला तीच उत्तरं दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, तर निकाल वेगळा आला. असला काटा मी नापास केला असता, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले. नंतर हसू थांबलं. मला काटेच तपासायचेत हे त्या क्षणी कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. कारण माझं स्वप्न काही मोठं नव्हतं. कुणाला सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, एवढ्यासाठी परमनंट सोडतेस?

रविवारी जेवताना सांगून टाकलं. "मी हजर होणार नाही. दाखला दादाच्या नावावर करूया."

आईच्या हातातली पळी आमटीत पडली. बाबा भाकरी मोडत होते, ते मोडतच राहिले.

"जमीन गेली ती काय काटे तपासाला गेली?" ते म्हणाले.

त्यानंतर ते या विषयावर बोललेच नाहीत. ते ओरडले असते तर मी ओरडले असते, आणि प्रकरण एकदाचं मिटलं असतं. ते सकाळी नेहमीसारखे उठायचे, भाडेकरूंच्या पाण्याची मोटर लावायचे, पेपर वाचायचे. काका मात्र चार वर्षांनी खाली आले. आमच्या पलंगावर बसले, आईकडे चहा मागितला आणि दादाच्या नावाची संमती नोटरी करूनच आणली होती ती बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती वाचली आणि "बरा" म्हणाले. त्या एका शब्दात किती काय होतं ते मला पुढे दिसलं.

दाखला दुसऱ्याच्या नावावर करायचा तर अधिकाऱ्यापुढे सगळ्यांना हजर राहावं लागतं; काकांची संमती नोटरी झालेली होती, म्हणून त्यांना तेवढी सूट होती. महिन्यात सुनावणीचा दिवस एकच. तो आला मंगळवारी, आणि माझी हजर व्हायची मुदत गुरुवारी संपत होती. गुरुवारनंतर दाखला वापरला असं धरतात की वाया गेला असं धरतात, हे कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. आमच्या घराला माहीत असलेल्या नियमापेक्षा माहीत नसलेल्या नियमाचीच भीती जास्त. थोडक्यात, मंगळवार चुकला की एकतर मला कारकून व्हावं लागणार होतं, नाहीतर आजोबांच्या जमिनीचा शेवटचा कागद माझ्या हातून फुकट जाणार होता.

मंगळवारी सकाळी दादाच्या गाडीतून आम्ही तिघं ठाण्याला गेलो. दादा, बाबा आणि मी. फाईल बाबांच्या मांडीवर होती. अकराच्या सुमाराला आमचं नाव पुकारलं. टेबलामागच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेला, बोलणं स्वच्छ. त्यांनी संमतीपत्रं तपासली, माझी ओळख तपासली, आणि म्हणाल्या, "मूळ दाखला."

बाबांनी तो फाईलमधून काढून दिला. बाईंनी हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"याला लॅमिनेशन केलंय."

दादाने वळून बाबांकडे बघितलं.

"अहो, शेरा मला याच कागदावर मारायचाय. जुनं नाव कापायचं, नवं लिहायचं, वर शिक्का. प्लास्टिकवर शिक्का बसतो का?"

"मग आता?" दादाचा आवाज चिरकला.

"दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. तीन महिने धरा." मग माझा चेहरा बघून असेल, त्या थोड्या नरमल्या. "पाचला मी टेबल बंद करते. तोवर मोकळा करून आणलात तर करून देईन. पण फाटला, शाई गेली, तर माझ्याकडे आणू नका. तसला कागद मी स्वीकारणार नाही."

बाहेरच्या पायऱ्यांवर दादाने बाबांना विचारलं, "कधी केलं हे, काका?"

"लय दिस जाले," बाबा म्हणाले.

मी फाईलकडे बघत राहिले. लय दिस झाले नव्हते. परीक्षेच्या कागदपत्रांसाठी मी दीडेक महिन्यापूर्वी त्याच दाखल्याचा फोटो काढला होता. तो अजून माझ्या फोनमध्ये होता. नुसता कागद, मधोमध दोन घड्या, आणि कागद सपाट राहावा म्हणून कोपऱ्यावर दाबून धरलेला बाबांचा अंगठा. प्लास्टिकचा पत्ता नव्हता. म्हणजे हे मी जेवताना बोलले त्यानंतरचं होतं.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. फोन काढून दादापुढे धरला असता तर दोन भावांचं उरलंसुरलं नातंही त्या पायऱ्यांवर संपलं असतं. मी गप्प बसले. खोटं मी पकडलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर शेरा लिहिला नाही.

"टेन्शन नको," दादा स्वतःलाच सांगत होता. "इस्त्री फिरवली की निघतं प्लास्टिक. मी व्हिडिओत बघितलंय."

"इस्त्री किती गरम?"

"फुल."

"फुलवर शिक्क्याची शाई पसरेल. वर इस्त्री सगळीकडे सारखी तापत नाही."

"मग तूच सांग ना किती ते!"

"करून बघावं लागेल," मी म्हणाले. "महापेला घे."

ऐरोलीच्या पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा दादा आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला खरं सांगू? मला कुठलीही चालेल. शिपाई म्हणाले तरी. तुला निवडता येतंय ना, हेच तुझं नशीब." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्याची दोन पोरं शाळेत जात होती आणि दिवसातले बारा तास तो अनोळखी माणसांना विमानतळावर सोडत होता. मला काय आवडतं याचा शोध मी त्याच्या जिवावर घेत नाही ना, असा विचार आला. मग आठवलं की दाखला तर त्यालाच मिळणार आहे. तरीही बरं वाटलं नाही.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. सरांना सगळं सांगितलं. बाबांनी कधी प्लास्टिक लावलं तेवढं सोडून. सरांनी दाखला उजेडात धरला. "आधी नमुन्यावर कर. मग खऱ्यावर," म्हणाले, आणि भिंतीवरची सूचना स्वतःच उतरवून दिली. 'ॲसिड हाताळताना हातमोजे घाला.' हाताने लिहिलेली, खाली सरांची सही आणि लॅबचा जांभळा शिक्का, वरून प्लास्टिक. याहून चांगला नमुना मला मागूनही मिळाला नसता.

सही-शिक्क्याचा थोडा थोडा भाग प्रत्येकात येईल असे मी तिचे चार उभे तुकडे केले. आमच्याकडे एक ओव्हन आहे, त्याचं तापमान एक अंशही इकडेतिकडे होत नाही. तो मीच दर महिन्याला तपासते. पहिला तुकडा सत्तरला ठेवला. काही झालं नाही. पंचाहत्तरलाही प्लास्टिक तसंच घट्ट. दुसरा तुकडा ऐंशीला ठेवला, कडेचा डिंक जरा ढिला झाला पण ओढताना कागदाचा वरचा पापुद्रा निघाला. तिसरा पंच्याण्णवला. प्लास्टिक झर्रकन सुटलं आणि शिक्क्याची जांभळी शाई त्याच्याबरोबर निघून आली. म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये होतं, आणि माझ्याकडे तुकडा उरला होता एक. मी सत्त्याऐंशी लावले आणि चार मिनिटं थांबले. कडा उचलली. प्लास्टिक हळूहळू, न कुरकुरता मागे आलं. सही शाबूत, शिक्का शाबूत.

त्या वेळी मी बाबांना विसरले होते, दादाला विसरले होते, गुरुवारही विसरले होते. फक्त सत्त्याऐंशी होतं. मला माझ्याबद्दल जे कळायचं होतं ते त्याआधीच कळलं होतं, पण त्या खोलीत त्याची खात्री झाली. घाबरलेल्या अवस्थेतही जे काम करताना आपण घाबरत नाही, ते आपलं काम. इतकी साधी खूण असेल असं कुठल्या चाचणीत लिहिलेलं नव्हतं.

अडीच वाजले होते. खरा दाखला. कडेचं जादा प्लास्टिक मी ब्लेडने कापलं. कागद गरम असतानाच सोलायचा होता, त्यामुळे एकाने तो दाबून धरायला हवा होता. सरांकडे ग्राहक येऊन बसला होता.

"मी नाय धरणार," दादा म्हणाला. "फाटला तर माझ्यावर येईल." आणि तो खरोखरच दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

बाबांनी विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केले. मी त्यांना कापडी हातमोजे दिले. ते लॅबमध्ये पहिल्यांदाच आले होते.

चार मिनिटं ओव्हनसमोर आम्ही दोघं उभे होतो. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याकडे फोटो आहे, बाबा. दीड महिन्यापूर्वीचा."

त्यांनी हातमोजे बोटांत नीट ओढून घेतले. मग म्हणाले, "दुकानवाला बोलला, वरिजनलला प्लास्टिक नका लावू. मी बोललो, लाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. दाखल्याच्या कामाला एकदा गेलेलो तवा एकाला असाच परत पाठवलेला. मी बघितलेला."

"का पण?"

"तुझा नाव पुसनार व्हते," बाबा म्हणाले. "पुसता नाय येनार असा करून ठेवला."

ओव्हन वाजला. मला रडू फुटलं होतं आणि रागही तितकाच होता, पण वेळ मोजून चार मिनिटंच होती आणि ती संपली होती. मी कागद काढून टेबलावर ठेवला. "कोपरा धरा. दाबा. ओढू नका." बाबांनी धरला. मी प्लास्टिक कागदाला अगदी चिकटून, सपाट मागे घ्यायला लागले. एक बोटभर सुटलं, मग दोन बोटं. वरचा मजकूर मोकळा झाला. मग घडी आली. नेमकं त्या घडीवर आजोबांचं नाव होतं, शाईने लिहिलेलं, आणि घडीवर कागद आधीच झिजलेला होता. तिथे प्लास्टिक अडलं.

"थांब," बाबा म्हणाले.

"थांबलं तर थंड होईल."

"मंग?"

"मग परत चिकटेल. हात हलवू नका." मी खालच्या बाजूने सुरुवात करून घडीपर्यंत आले, आणि शेवटचं बोटभर अंतर दोन्ही बाजूंनी एकदम उचललं. कागदाचा एक धागा प्लास्टिकबरोबर गेला. एकच. नाव राहिलं.

मागची बाजू अजून बाकी होती. पुन्हा ओव्हन, पुन्हा चार मिनिटं. या वेळी बाबा काचेतून आत आकडा बघत होते. "ह्यो सत्त्याऐंशी कसा काढलास?" त्यांनी विचारलं. मी तुकडे दाखवले, एकेक करून. त्यांनी प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघितला, शाई गेलेलासुद्धा. "आनि काटा खोटा निघला त?" मी त्यांना औषधाच्या गोदामाची गोष्ट सांगितली. त्या माणसाने माझं नाव लिहून घेतलं तिथे त्यांनी मला थांबवलं. "तुला भ्याव नाय वाटला?" वाटलं, मी म्हणाले. पण शेरा बदलला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काचेतून बघायला लागले.

दुसरी बाजू सरळ निघाली.

चारला दहा कमी असताना आम्ही निघालो. कागद एका कोऱ्या पुठ्ठ्यात ठेवला होता आणि मी तो मांडीवर आडवा धरून बसले होते. रबाळ्याला ट्रक बंद पडला होता. दादाने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी घड्याळ बघत होते, बाबा डोळे मिटून बसले होते. ठाण्यात आत शिरलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पायऱ्या चढताना बाबा धापा टाकत होते, पण त्यांनी कठड्याला हात लावला नाही.

बाई आवराआवर करत होत्या. त्यांनी दाखला घेतला, खिडकीजवळ जाऊन बघितला, घडीवर बोट फिरवलं. "कुणी काढलं?"

"मी."

"हं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत परत बसल्या. अर्ज पुढे ओढला. त्यात हस्तांतराच्या कारणाची ओळ दादाने घरूनच भरून आणली होती. त्यांनी मोठ्याने वाचली. "धारकास नोकरीची आवश्यकता नाही. बरोबर?"

दादाने मान डोलावली. मीही डोलावणार होते. दिवसभरात इतकं झालं होतं की एका ओळीसाठी कोण तोंड उघडणार?

"बरोबर नाय," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता हे संमती देणार नाहीत. दादाचंही तोंड उतरलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

"आवश्यकता हाय तिला. आमी काय सावकार नाय," बाबा म्हणाले. "तिला दुसरा काम करायचा हाय. तसा लिवा."

"दुसरं कुठलं काम?" बाईंनी पेन उघडलं.

बाबा माझ्याकडे वळले. मी सांगेन म्हणून थांबले. आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, त्यांनीच सांगायला सुरुवात केली. कंपन्यांची यंत्रा येतात, औषधांच्या थंड कपाटाची, दाबाची. कोनचा खरा, कोनचा खोटा ते ही ठरवते. कोनी दम दिला तरी बदलत नाय. बोलताना ते दोनदा अडखळले, मशीनची नावं चुकवली, आणि मी दुरुस्त केली नाहीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की एवढी जागा नाही, आणि आधीची ओळ खोडून वर लिहिलं: धारकाने तांत्रिक क्षेत्रात काम स्वीकारले आहे.

बाबांनी ती ओळ चष्मा लावून वाचली आणि सही केली. मग बाईंनी दाखल्यावर माझ्या नावावरून लाल रेघ मारली. मी दुसरीकडे बघितलं. बाबांनी शेवटपर्यंत बघितलं. वर दादाचं नाव आलं, शिक्का बसला, शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं उभे राहिलो.

खाली गाडीपाशी आल्यावर दादाने दाखला दोन्ही हातांत धरला होता. तो हसत होता, काकांना फोन लावत होता आणि मध्येच मला म्हणाला, "चल, आता पहिलं हे लॅमिनेशनला टाकतो."

"नको," बाबा म्हणाले. "तसाच राहू दे. उद्या तुला बी दुसरा काय करावासा वाटला त?"

दादाला हसू आलं. मग तो हसता हसता थांबला, आणि फोन कानाला तसाच धरून बाबांकडे बघत राहिला.